निकिताची बोलणी आणि पंधरा कोटींची गाडी

"गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं न्हाय. फकस्त खरं कवा बोलायचं, ते आपुन ठरवायचं!"

तामलवाडीच्या बलभीम रणसुऱ्यांचं हे वाक्य हायवेवरच्या चहावाल्यापासून ढाबेवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. ह्याच वाक्याच्या जोरावर बलभीमरावांनी जुन्या फटफट्या आणि जुने ट्रॅक्टर वीस वर्षं विकले होते. सोलापूर-तुळजापूर रस्त्याला लागून त्यांचं यार्ड, आणि यार्डाला लागून घर. ज्या ट्रॅक्टरचं इंजिन दमेकऱ्यासारखं खोकायचं त्याला ते 'अनुभवी' म्हणायचे. ज्या फटफटीला ब्रेक नाही तिला 'पळायला मोकळी' म्हणायचे! आणि माणसं हसत हसत घेऊन जायची. अशा माणसाला एखादा दिवस खरं बोलायची घाई करावी लागेल, असं कुणाला वाटलं असतं?

तो दिवस एका गाडीनं आणला.

गुरुवारी सकाळी यार्डापुढं एक बंद कंटेनर येऊन थांबला. मागून उतरला कृष्णराज. बलभीमरावांच्या शाळेतला, एकाच बाकावरचा. आता बंगळुरात त्याचा मोठा कारभार होता. कंटेनरचं दार उघडलं, फळ्या लावल्या, आणि आतून जी वस्तू खाली आली ती बघून रस्त्यावरचे दोन ट्रकवाले थांबले. पिकल्या जांभळाच्या रंगाची, बलभीमरावांच्या कमरेइतकी उंच. कुणीतरी चांगली धडधाकट गाडी घेऊन तिच्यावरून रोडरोलर फिरवावा, तशी ती जमिनीला चिकटून उभी होती!

"साऱ्या जगात नव्याण्णवच काढल्या, बल्या," कृष्णराज म्हणाला. "ही एकसष्टावी. पेट्रोलवर बी चालती, बॅटरीवर बी. हायब्रीड हाय."

"आन किंमत?"

कृष्णराजनं सांगितली. बलभीमरावांनी आधी पंधरा लाख ऐकलं आणि जाणकारासारखी मान डोलावली. मग त्यातला 'कोटी' कानात शिरला आणि ते आहे तिथंच टायरवर बसले.

"मग इकायलास कशापायी?"

"चालवू कुठं? बंगळुरात गर्दी, आन इकडं गतिरोधक! तीन वर्सांत सहाशे किलोमीटर झाली. मुंबईत एक गिऱ्हाईक बघायचं म्हणतंय. पर आई म्हणली, इकायच्या आधी मला दाव. गावातल्या गल्लीत हिचं पोट टेकतंय, म्हणून तुझ्या शेडात ठिवतो. आईला हितंच आणून दावतो." मग त्यानं किल्ली बलभीमरावांच्या हातात दिली. "रविवारी सांजच्याला कंटेनरवाला येईल, त्याला दे. तवर कुणी हात लावायचा न्हाय. तू बी दोन हात लांब ऱ्हा! आन गिऱ्हाईक घावलं तर कळव!"

शेवटचं वाक्य तो हसत म्हणाला होता. बलभीमरावांनी तेवढंच मनावर घेतलं. शेजारच्या वेल्डिंगवाल्या मुनवरकडून पुठ्ठा मागवला, त्यावर 'विकणे आहे' असं ठळक लिहिलं आणि शेडाच्या खांबाला टांगलं. तीन दिवस गाडी दिवसातून चारदा पुसली. दोन हात लांब राहून कसं पुसतात, ते त्यांनाच ठाऊक!

आता ह्याच रविवारी माकणीचे पाहुणे येणार होते.

निकिता बलभीमरावांची एकुलती एक. सोलापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. दोन वर्षांत अकरा स्थळं पाहून झाली होती आणि अकराही वेळा तिनं नाही म्हटलं होतं. बारावा उत्कर्ष. माकणीचा, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. त्याला मात्र ती हो म्हणाली. दोघं फोनवर बोलायला लागली, आणि बोलता बोलता लेक एकटीच हसते आहे, हे तिच्या आईनं, दीपमालाबाईंनी, स्वयंपाकघरातून पाहिलं होतं. आता फक्त मोठ्या माणसांची बोलणी व्हायची होती आणि सुपारी फोडायची होती.

"आवं, त्या गाडीवर ताडपत्री टाका," रविवारी सकाळी दीपमालाबाई म्हणाल्या. "साधी माणसं हायेत ती. बुजतील."

"टाकतो की!"

बलभीमरावांनी ताडपत्री नेली. निम्मी टाकलीही. मग त्यांनी लांबून पाहिलं. मागं पत्र्याचं शेड, बाजूला अनुभवी ट्रॅक्टर, आणि मधे ही जांभळी महाराणी. त्यांनी स्वतःला तिच्या शेजारी उभं करून पाहिलं आणि त्यांना स्वतःचाच हेवा वाटला! ताडपत्री परत निघाली. जाता जाता खांबावरचा पुठ्ठाही उलटा झाला.

"बलभीमभाई, हे काय?" पलीकडून मुनवरनं विचारलं. "पाव्हण्यांना काय सांगणार?"

"इचारलं तर सांगू की."

"और नहीं पूछे तो?"

"न्हाय इचारलं तर खोटं कुठं बोललो?"

अकरा वाजता पाहुण्यांची भाड्याची जीप आली. तिघंच होते. उत्कर्ष, त्याचे वडील बब्रुवान आणि बब्रुवानची थोरली बहीण सारजाबाई. बब्रुवान म्हणजे धरणाकडेला सहा एकर करणारा, पांढऱ्या टोपीचा, मोजकं बोलणारा माणूस. पण घरातला शेवटचा शब्द सारजाबाईंचा.

बब्रुवान जीपमधून उतरला आणि घराकडं यायच्या ऐवजी गाडीकडं गेला. बाजारात बैल बघावा तसा हात मागं बांधून त्यानं एक फेरा मारला.

"ह्ये काय म्हणायचं?"

"गाडी! हायब्रीड हाय," बलभीमराव म्हणाले.

"हायब्रीड?" बब्रुवानचं तोंड कडू झालं. "आमच्यात ज्वारी बी हायब्रीड खात न्हाईत. भाकरीला चव नसती."

"तसं न्हाय. पेट्रोलवर बी पळती, बॅटरीवर बी."

"म्हंजी एका जुवाला दोन जातीचं बैल. वढत्यात का एका दिशेला?"

सारजाबाईंनी काचेतून आत डोकावलं. "माणसं किती बसत्यात?"

"दोन."

"मग सासू कुठं बसायची?"

"ह्यात सासूला जागा न्हाय, अक्का!" बलभीमराव जोरात हसले. एकटेच हसले.

मग बब्रुवाननं तो प्रश्न विचारला. "तुमची हाय?"

बलभीमरावांनी शेडाकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, दोन्ही हात पसरले. "आता आपल्याच दारात हुबी हाय म्हणल्यावर..." आणि पुढचं वाक्य त्यांनी हवेत तसंच सोडून दिलं. बब्रुवाननं ते आपल्या परीनं पुरं केलं. उत्कर्षनं एकदा बलभीमरावांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

घरात पोहे आले. पण जीपमधून उतरताना बलभीमरावांना 'पाव्हणं' म्हणणारा बब्रुवान आता 'साहेब' म्हणायला लागला होता! पोह्याची बशी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती, जणू तिचीही किंमत कोटीत असावी. निकिता चहा घेऊन आली, सगळ्यांना कप दिले, आणि वडिलांच्या पुढं जरा जास्त वेळ उभी राहिली. बलभीमरावांनी तिच्या डोळ्यांकडं न बघता कप उचलला.

हात धुवायच्या निमित्तानं भावंडं बाहेर गेली. मोरीच्या खिडकीतून बलभीमरावांना सगळं ऐकू आलं.

"अक्का, ह्यांची पोरगी आपल्या पत्र्याच्या घरात ऱ्हाईल व्हय?"

"पोरगी ऱ्हाईल रं. पर हा माणूस आपल्या दारात आला तर त्याला बसवू कुठं?"

वाऱ्यावर सोडलेलं वाक्य भलत्याच झाडाला जाऊन अडकलं होतं! बलभीमराव मागच्या दारानं मुनवरकडं धावले.

"मुनवर, जा बाबा. सहज बोलल्यावानी सांग, गाडी इकायला काढलीय म्हणून."

"आन कुणाची हाय, ते?"

"ते आत्ताच नको. एकदम एवढं खरं झेपायचं न्हाय. हप्त्याहप्त्यानं देऊ!"

मुनवरनं कपाळावर हात मारला, पण गेला. खांबावरचा पुठ्ठा सुलटा करून म्हणाला, "मामू, ही गाडी इकायची हाय बरं का."

बब्रुवान तो पुठ्ठा वाचत बराच वेळ उभा राहिला. मग घरात आला, बलभीमरावांसमोर बसला आणि त्यांचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातात घेतले.

"साहेब, लेकीच्या लग्नासाठी दारातली गाडी इकायलाव व्हय?"

बलभीमराव हात सोडवायला लागले, तर बब्रुवाननं ते आणखीच घट्ट धरले.

"आमच्या अक्काच्या लग्नात आमच्या बापानं बैलजोडी इकली," बब्रुवान म्हणाला. "म्या आठ वर्साचा हुतो. बैलं घराकडं बघत बघत गेली. बाप त्या दिवशी जेवला न्हाय. त्या दिवसापस्नं म्या ठरिवलंय, माझ्या पोरापायी कुणाच्या दारातलं कायबी जाऊ द्यायचं न्हाय. तुमी गाडी इकू नका. लगीन आमी माकणीत करू, आमच्या खर्चानं. तुमी फकस्त लेक आन नारळ घिऊन या." एवढं बोलून तो साठीचा माणूस टोपीनं डोळे पुसायला लागला. सारजाबाईंचा पदरही तोंडाला गेला.

हीच वेळ होती. 'गाडी माझी न्हाय', एवढंच तर म्हणायचं होतं! दीपमालाबाई दाराआडून हातवारे करत होत्या. निकिता भिंतीला टेकून उभी होती. बलभीमरावांनी खरंच तोंड उघडलं. पण तेवढ्यात त्यांचे स्वतःचेच डोळे भरून आले. निम्मे घाबरल्यामुळं आणि निम्मे त्या बैलांमुळं. त्यांनी रुमालानं ते पुसले आणि तोंडातून भलतंच आलं.

"बाप हाय शेवटी..."

पुढची दहा मिनिटं बलभीमराव जगातले सगळ्यात थोर बाप होते. आणि काय सांगावं, त्यांना ते आवडलं!

"एक ऐका माझं," डोळे कोरडे करून सारजाबाई म्हणाल्या. "त्या टायमाला बैलांना हळद-कुंकू लावायचं बी कुणाला सुचलं न्हाय. ती तशीच गेली. तुमी ऐकला न्हाईत आन गाडी गेलीच, तर तशी जाऊ नये. चला, पूजा करू."

कुणी नाही म्हणायच्या आत ताट तयार झालं. पंधरा कोटींच्या नाकावर हळद-कुंकवाची बोटं उमटली. पुढच्या चाकाखाली लिंबू गेलं.

"आता साहेबांनी बसावं आन जरा म्होरं घ्यावी," बब्रुवान म्हणाला. "लिंबू चिरडलं म्हंजी झालं."

बलभीमराव किल्ली घेऊन पुढं झाले, आणि त्यांच्या लक्षात आलं की ह्या गाडीला दाराची मूठच नाही! कृष्णराजनं गुरुवारी कुठंतरी बोट लावून दाखवलं होतं खरं, पण तेव्हा ते काचेत स्वतःचं तोंड बघत होते. त्यांनी गाडी वरून चाचपली, खालून चाचपली, आटलेल्या म्हशीची कास चाचपावी तशी सगळीकडून चाचपली. मालक गाडीत शिरायची वाट शोधत होता आणि पाहुणे हात जोडून उभे होते.

"मामा, आरशाच्या खाली बटण असतं," उत्कर्ष कानाशी येऊन हळूच म्हणाला.

बलभीमरावांनी बटण दाबलं. दार बाजूला उघडायच्या ऐवजी घारीच्या पंखासारखं वर गेलं, आणि जाताना वाकून बघणाऱ्या बब्रुवानची टोपी घेऊन गेलं! विहिरीत पोहरा सोडावा तसे बलभीमराव आत उतरले. मोठ्ठं बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. आवाज नाही.

"चालू व्हईना वाटतं," म्हणत त्यांनी पाय दाबला.

ती केव्हाच चालू झाली होती! बॅटरीवर. मांजरासारखी बिनआवाजी गाडी झपकन पुढं गेली, लिंबू फुटलं, दीपमालाबाई किंचाळल्या, आणि जुन्या टायरांच्या ढिगापासून हातभर अंतरावर गाडी आपली आपणच गपकन थांबली. बलभीमरावांनी श्वास सोडला. तेवढ्यात गाडीच बोलायला लागली.

"बल्या! माझ्या गाडीत कोण बसलंय?"

आवाज कृष्णराजचा. गाडी हलली की त्याच्या मोबाइलवर निरोप जायचा, आणि त्यानं फोन लावला की तो थेट गाडीत वाजायचा. दार वर उघडंच होतं. हायवेपलीकडच्या चहाच्या टपरीलाही स्वच्छ ऐकू गेलं.

"दोन हात लांब ऱ्हा म्हणलं हुतं ना! चार दिवस सावलीला ठिवली म्हंजी तुझी झाली व्हय रं?"

बलभीमराव आवाज बंद करायचं बटण शोधू लागले. एक दाबलं, काच पुसायच्या काड्या कोरड्याच नाचायला लागल्या. दुसरं दाबलं, तर खुर्ची मागं झुकायला लागली. सगळ्यांच्या देखत बलभीमराव सावकाश आडवे होत गेले.

"कृष्णा... आरं, पाव्हणं हायेत..." ते झोपूनच म्हणाले.

"कसलं पाव्हणं? गिऱ्हाईक हाय का?"

"न्हाय रं."

"मग उतर खाली!"

फोन बंद झाला. काड्या मात्र नाचतच राहिल्या. मुनवरनं आणि उत्कर्षनं दोन्ही हातांना धरून बलभीमरावांना बाहेर ओढलं. उत्कर्षनं दारावरची टोपी काढून वडिलांना दिली. बब्रुवान ती झटकत राहिला. धूळ नव्हतीच तिच्यावर.

"पाव्हणं, माझं ऐकून घ्या..." बलभीमराव म्हणाले.

"गाडी तुमची न्हाय, त्याचं काय न्हाय हो," बब्रुवान शांतपणे म्हणाला. "आमची तरी कुठं हाय? पर म्या आजवर पोराफुडं कधी रडलो न्हवतो."

सारजाबाईंनी ताटातलं कुंकू दीपमालाबाईंना लावलं, निकिताच्या गालावरून हात फिरवला, "पोरगी गुणाची हाय" म्हणाल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. संध्याकाळी कंटेनर आला. गाडीला एक ओरखडाही नव्हता.

पाच दिवस बलभीमरावांच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सहाव्या दिवशी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि तुळजापूर, लोहारा असं करत तीन एसट्या बदलून माकणी गाठली. बब्रुवाननं त्यांना पत्र्याच्या घरात बसवलं, पाणी दिलं, आधी जेवायला वाढलं. देशी ज्वारीची भाकरी खरंच गोड होती. बलभीमरावांनी मात्र अर्धी ताटातच ठेवली. त्यांनी सगळं सांगितलं. ताडपत्री, उलटा पुठ्ठा, रुमाल, सगळं. ह्या वेळी हप्ते पाडले नाहीत.

"तुमी आलाव, बरं वाटलं," बब्रुवान म्हणाला. "पर अक्का त्या दिवसापस्नं नीट जेवंना. तिला सारखी ती बैलं दिसायलीत. न्हाय जमायचं, पाव्हणं."

उत्कर्ष त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आला. एसटीला वेळ होता.

"मामा, मला माहीत होतं," तो म्हणाला. "निकितानं गुरुवारीच फोटो पाठवला होता. पप्पांच्या मित्राची गाडी, पप्पा दिवसातून चारदा पुसतात, असं लिहिलं होतं. मग मी त्या गाडीची सगळी माहिती वाचून काढली."

"मग बोलला का न्हाईस, बाळा?"

"तुम्ही सांगाल असं वाटत होतं. आता सांगाल, मग सांगाल. आमचे दादा रडले तेव्हा तर वाटलं, आता सांगतीलच." तो रस्त्याकडं बघत राहिला. "जीपमध्ये दादांनी विचारलं, तुला ठाऊक होतं का? मी हो म्हटलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत."

एसटी आली. बलभीमराव खिडकीशी बसले. हात हलवावा की नाही हे ठरेपर्यंत फाटा मागं गेला.

घरी आले तेव्हा निकिता यार्डाच्या पायरीवर बसली होती.

"काय म्हणाले?"

"न्हाय म्हणले."

तिनं मान हलवली. बलभीमराव तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

"निके, तू बी गप का बसलीस गं? सगळ्यांदेखत सांगायचं हुतंस. खोटं पडलो असतो तर एकदाच पडलो असतो."

"चहा देताना तुमच्यापुढं उभी राहिले होते की मी," ती म्हणाली. "तुम्ही वर बघितलंच नाही, पप्पा."

ती उठून आत गेली. बलभीमराव तिच्या मागं जाणार, तेवढ्यात एक मोटारसायकल यार्डापुढं थांबली. मागं बायको, पुढं टाकीवर पोरगी, असा अनोळखी माणूस.

"दादा, हितं लई भारी गाडी हुती म्हणं. हाय का? पोरीसंगं फोटो काढायचा हुता."

"गेली."

"कुणी नेली?"

"ज्याची हुती त्यानं."

"आसं व्हय? आमी समजलो तुमचीच हाय."

"न्हाय," बलभीमराव म्हणाले. "माझी न्हवती."

"बरं," म्हणत त्या माणसानं गाडी वळवली आणि तो निघूनही गेला.